काजूचे कूळ आणि मूळ

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. नद्यांच्या आणि ऋषींच्या बाबतीत ती खरी असेल. पिकांच्या बाबतीत मात्र ती पाळून चालत नाही. एखादे पीक कोठून आले, त्याचे सगेसोयरे कोण, येताना त्याने मूळ घरातला किती वारसा बरोबर आणला, हे ठाऊक नसेल तर त्याच्यावर रोग आला असता उपाय कोठे शोधावा हेच कळत नाही. या पाठात आपण काजूचे कूळ आणि मूळ या दोहोंचा शोध घेणार आहोत. काजूकतलीतला, शिऱ्यातला किंवा नुसता खारवलेला काजू तुम्ही देशाच्या कोणत्याही भागात राहत असलात तरी तुमच्या परिचयाचा असेल. काजूचे झाड मात्र सर्वांनी पाहिलेले असेलच असे नाही; म्हणून आरंभ झाडापासूनच करू.

फळ कोणते आणि बोंड कोणते?

काजूचे झाड सदाहरित, पसरट आणि काहीसे अस्ताव्यस्त वाढणारे असते. आंब्याप्रमाणेच त्याला फांद्यांच्या शेंड्यांवर मोहोर येतो. कोकणात आणि गोव्यात थंडीच्या दिवसांत झाड मोहरते आणि फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत फळे हाती येतात. लाल, पिवळे किंवा नारिंगी रंगाचे रसाळ बोंड आणि त्याच्या तळाशी बाहेरच्या बाजूला लोंबणारी, मूत्रपिंडाच्या आकाराची करडी बी, असे हे रूप आहे. प्रथम पाहणाऱ्याला वाटते की बोंड हे फळ आणि बी चुकून बाहेर राहिली आहे. वनस्पतिशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. ज्याला आपण बी म्हणतो तेच काजूचे खरे फळ. बोंड हा फुलाचा फुगलेला देठ आहे. फुलाचे फलन झाल्यावर आधी ही बी हिरवी राहूनच पूर्ण आकाराला येते आणि त्यानंतर तिच्यामागचा देठ फुगून बोंड तयार होते.

या बीचे कवच जाड आणि सच्छिद्र असून त्या छिद्रांत दाहक तेल भरलेले असते. ते त्वचेला लागले तर फोड येतात. कोकणात ओल्या काजूगरांची उसळ हे त्या दिवसांतले पक्वान्न मानले जाते; परंतु हिरव्या बिया चिरून ते गर काढणाऱ्या बाईच्या बोटांची साल निघते, हे ताटावर बसणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. झाडाच्या दृष्टीने पाहिले तर ही योजना फार चतुर आहे. गोड बोंड वटवाघळांना आणि इतर प्राण्यांना बोलावते. ते बोंड दूर नेऊन खातात आणि दाहक कवचाची बी तशीच टाकून देतात. अशा रीतीने बीचा प्रवासही होतो आणि तिचे रक्षणही होते.

बिब्ब्याचा भाऊबंद

काजूचे कूळ म्हणजे आंब्याचे कूळ. पिस्ता, चारोळी आणि आपला बिब्बा हे सारे याच कुळातले. त्यांपैकी बिब्ब्याशी काजूचे साम्य थक्क करणारे आहे. बिब्ब्याची काळी बीही नारिंगी, मांसल बोंडाच्या टोकावर बाहेर बसलेली असते. तिच्याही कवचात जाळणारे तेल असते. बिब्बा ‘उतला’ म्हणजे अंगावर काय होते हे जुन्या पिढीला सांगावे लागत नाही. परीट कपड्यांवर खुणा करीत ते याच तेलाने. आणि एवढ्या दाहक कवचाच्या आत गोड गर असतो. त्याला महाराष्ट्रात ‘गोडंबी’ म्हणतात.

भारतीयांनी काजू प्रथम पाहिला तेव्हा त्यांना हे साम्य जाणवले असावे, याची साक्ष भाषा देतात. कन्नड भाषेत काजूगराला ‘गोडंबी’ असेच म्हणतात आणि ‘गेरु’ हे नाव बिब्ब्याला व काजूला दोहोंनाही लावतात. तेलुगूत काजूला ‘जीडिमामिडि’ म्हणतात; ‘जीडि’ म्हणजे बिब्बा आणि ‘मामिडि’ म्हणजे आंबा. या एका शब्दात काजूचे कूळ जितके अचूक सांगितले आहे तितके ते शास्त्रज्ञांनाही थोडक्यात सांगता आले नसते. मल्याळम भाषेतील ‘परंगिमाव’ म्हणजे फिरंग्यांचा आंबा. यात कुळाबरोबर आणणाऱ्याचाही उल्लेख आला. ओडिया भाषेत त्याला ‘लंका आंब’ म्हणतात, तर बंगालमध्ये मेदिनीपूर भागातील हिजलीच्या नावावरून ‘हिजली बादाम’. हे शेवटचे नाव लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

युरोपातही असेच घडले. तेथील औषधविक्रेते पूर्वेकडून येणाऱ्या बिब्ब्याला ‘अनाकार्डियम’ म्हणत. हृदयाच्या आकाराचे, असा त्याचा अर्थ. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांनी १७५३ मध्ये काजूला शास्त्रीय नाव दिले ते ‘अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले’, म्हणजे पश्चिमेकडचा अनाकार्डियम. बिब्ब्याचे जुने नाव अशा प्रकारे काजूकडे गेले.

मराठीतील ‘काजू’ हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. ब्राझीलमधील तुपी लोक या झाडाला ‘अकाजू’ म्हणत. पोर्तुगिजांनी त्याचे ‘काजू’ केले आणि तोच शब्द कोकणी, मराठी, हिंदी अशा अनेक भाषांत रुजला. जुन्या तुपी भाषेत वर्षालाही याच झाडाचे नाव होते. काजूचा एक हंगाम म्हणजे एक वर्ष. ज्या समाजाने कालगणनाच एका झाडावर बसवली, त्या समाजात ते झाड किती जुने असेल याची कल्पना यावरून येते.

मूळ घर

अनाकार्डियम या प्रजातीच्या सुमारे दहा जाती आहेत आणि त्या सर्व मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातल्या. त्यांच्यातील विविधता पाहण्यासारखी आहे. ॲमेझॉनच्या घनदाट अरण्यात तिच्या काही जाती उंचच उंच वृक्ष होऊन वाढतात. याउलट ब्राझीलच्या मध्य भागातील ‘सेराडो’ या गवताळ, वणवे लागणाऱ्या पठारांवर अशा जाती आहेत की ज्यांचे खोडच जमिनीखाली असते. वर दिसतात त्या केवळ गुडघाभर उंचीच्या डहाळ्या. वणवा वरून निघून जातो आणि झाड खालून पुन्हा फुटते. एका जातीच्या बीला तर बोंडच येत नाही.

आपला काजू या भावंडांमध्ये मधल्या चणीचा. तो सेराडोतही रानटी वाढतो आणि ईशान्य ब्राझीलच्या वालुकामय किनाऱ्यावरही. लागवडीतला काजू या किनारी झाडांशी अधिक जुळतो, असे जॉन मिचेल आणि स्कॉट मोरी यांनी या प्रजातीचा सखोल अभ्यास करून १९८७ मध्ये दाखवून दिले. युरोपीय तेथे पोहोचण्यापूर्वीच तेथील रहिवाशांनी काजूला माणसाळवले होते. त्याच किनाऱ्यावर नाताल शहराजवळील पिरांजी येथे काजूचे एक झाड आहे. त्याच्या फांद्या जमिनीला टेकून मुळे धरतात आणि पुन्हा वाढतात. त्या एका झाडाने सात हजार चौरस मीटरहून अधिक जागा व्यापली आहे.

या कथेला आणखी जुना एक अध्याय आहे. जर्मनीतील मेसेल येथील खडकांत सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडतात. त्यांत काजूच्या प्रजातीची फळे मिळाली असून त्यांच्यामागचा देठही फुगलेला आहे. हा शोध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा युरोपचे हवामान उष्ण होते. आज त्या खंडात काजूचे एकही रानटी झाड नाही. काजूची सर्वांत जवळची प्रजात आफ्रिकेत आहे आणि काजू स्वतः अमेरिकेत. म्हणजे ज्याला आपण मूळ घर म्हणतो, तेही फार मागे गेले तर मुक्कामाचेच ठिकाण ठरते. शेतीच्या इतिहासापुरते मात्र ब्राझीलचा किनारा हेच काजूचे मूळ मानले पाहिजे.

जहाजातून आलेली मूठभर बी

पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत पुढे कालिकतला आला. दोन किनाऱ्यांमधील हा सागरी मार्ग त्यानंतर वाहता राहिला. काजू भारतात नेमका कोणत्या वर्षी उतरला हे सांगणारा कागद उपलब्ध नाही. तरी काळाची सीमा ठरवता येते. आंद्रे थेवे या फ्रेंच प्रवाशाच्या ब्राझीलविषयक ग्रंथात, १५५८ च्या सुमारास, काजूचे चित्र आणि वर्णन आले. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात भारतातील औषधी वनस्पतींची विस्ताराने चर्चा केली. त्यात काजू नाही. पंधराच वर्षांनी, १५७८ मध्ये, क्रिस्तोबाल आकोस्ता याने मात्र कोचीनच्या बागांत काजू पाहिल्याची नोंद केली. याच मध्यल्या काळात काजू आपल्या पश्चिम किनाऱ्यावर रुजला असे मानायला हरकत नाही.

पोर्तुगिजांनी काजू आणला तो डोंगरउतारांवरील मातीची धूप थांबवण्यासाठी, असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. जांभ्याच्या उघड्या सड्यांवर काजूने माती धरून ठेवली हे खरेच; पण परिणामाला हेतू समजणे बरे नव्हे. सोळाव्या शतकातल्या माणसाला या झाडाचे रसाळ बोंड आणि औषधी गुण यांचेच आकर्षण अधिक वाटले असणार. काजूगरांचा मोठा व्यापार तर विसाव्या शतकात, कोल्लम आणि मंगळूर येथे बिया भाजण्या-फोडण्याचे कारखाने उभे राहिल्यानंतर वाढला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न हा की, त्या जहाजांतून किती बिया आल्या असतील? फार तर काही पिशव्या. आणि त्या किती झाडांच्या असतील? बंदराच्या आसपासच्या थोड्याच. कणगीत दहा प्रकारचे धान्य मिसळलेले असावे आणि आपण एकच मूठ काढावी. त्या मुठीत दहाही प्रकार येतील असे नाही. जे आले नाहीत ते पुढच्या सगळ्या पेरणीला पारखे झाले. नव्या प्रदेशात थोड्या बियांपासून सुरू झालेल्या पिकाचे असेच होते. मूळ घरातील गुणांचा मोठा भाग मागेच राहतो. यालाच आनुवंशिक पाया अरुंद असणे म्हणतात. पुढे त्या बियांपासून लाखो झाडे झाली, तरी झाडांची संख्या वाढल्याने हा पाया रुंद होत नाही.

एका झाडाच्या बिया, पण झाडे निरनिराळी

असे असूनही कोकणातल्या एखाद्या जुन्या रायवळ काजूच्या डोंगरावर गेलात तर एकसारखी दोन झाडे सापडणार नाहीत. एकाचे बोंड तांबडे आणि तुरट, शेजारच्याचे पिवळे आणि मधुर. एकाची बी तीन ग्रॅमची तर दुसऱ्याची आठ ग्रॅमची. एक डिसेंबरातच मोहरते तर दुसरे फेब्रुवारी उजाडला तरी गप्प. पाया अरुंद असताना हे वैविध्य आले कोठून?

त्याचे उत्तर काजूच्या फुलांत आहे. एकाच मोहोरात नरफुले आणि द्विलिंगी फुले अशी दोन्ही असतात आणि कीटक परागकण एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. त्यामुळे बीची आई कोण हे शेतकऱ्याला ठाऊक असते, बाप कोण हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. शिवाय प्रत्येक बीत आईबापांच्या गुणांची वाटणी नव्याने होते. सख्खी भावंडे एकसारखी नसतात तसेच हे. चारशे वर्षे काजूची लागवड बियांनीच झाली. उत्तम झाडाची बी निवडून लावली तरी उत्तमच झाड उगवेल याची शाश्वती नसे. शेतकऱ्याला हा तोटा वाटे. पण त्यामुळेच प्रत्येक पिढीत गुणांची नवी जुळणी होत राहिली. पत्ते तेवढेच होते, डाव मात्र दरवेळी नवा पडत होता. या डावांतून गावोगावी काही झाडे नावारूपाला आली आणि त्यांच्याकडे संशोधकांचे लक्ष गेले.

आणसूर, वेतोरे आणि मेदिनीपूर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले येथे १९५७ मध्ये फळ संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. तेथील संशोधकांनी गावोगावची काजूची झाडे पाहून त्यांतील सरस झाडे निवडली. वेंगुर्ले तालुक्यातील आणसूर गावच्या झाडांमधून निवडलेला वाण १९७४ मध्ये ‘वेंगुर्ला-१’ या नावाने प्रसारित झाला. म्हणजे विद्यापीठाच्या पहिल्या वाणाचे खरे जन्मस्थान प्रयोगशाळा नव्हे, तर एका खेड्यातले रान होते.

त्यानंतर संकरातून वाण तयार होऊ लागले आणि येथे मघाशी लक्षात ठेवलेल्या हिजली बादामाचे काम पडते. १९८१ मध्ये आलेला ‘वेंगुर्ला-४’ हा वाण ‘मिदनापूर रेड’ आणि ‘वेतोरे-५६’ यांच्या संकरातून झाला. वेतोरे हे वेंगुर्ले तालुक्यातलेच गाव, तर मिदनापूर म्हणजे बंगालमधील मेदिनीपूर. किनाऱ्याकिनाऱ्याने पसरत जाऊन शेकडो मैल दुरावलेल्या काजूच्या दोन शाखा अशा रीतीने वेंगुर्ल्यात पुन्हा एकत्र आल्या. १९९७ मधील ‘वेंगुर्ला-७’ या वाणात तमिळनाडूतील वृद्धाचलम केंद्राच्या वाणाचा अंश आहे. दूरच्या झाडांचा संकर करण्यामागचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल: जवळच्यांकडे बहुधा तेच पत्ते असतात, दूरच्याकडे एखादा वेगळा असण्याची शक्यता अधिक.

या वाणांनी शेतकऱ्याला काय दिले ते हिशेबाने पाहू. काजूगराची प्रत एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात यावरून ठरते. ‘डब्ल्यू-१८०’ म्हणजे पौंडाला फार तर १८० गर. प्रत्येक गर अडीच ग्रॅमच्या आसपास. ‘डब्ल्यू-३२०’ मध्ये तोच गर दीड ग्रॅमहून थोडा कमी भरतो. गर जितका मोठा तितका भाव अधिक. ‘वेंगुर्ला-७’ ची बी सुमारे दहा ग्रॅमची आणि तिच्यात गराचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक गर सुमारे तीन ग्रॅमचा. हा हिशेब शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

हे गुण बीतून उतरत नाहीत, ते कलमातूनच टिकतात. मृदकाष्ठ कलमाची पद्धत काजूत यशस्वी झाल्यावर हव्या त्या झाडाच्या हुबेहूब प्रती हजारोंनी करता येऊ लागल्या. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीमुळे ही कलमे कोकणच्या पडीक वरकस जमिनीवर पोहोचली. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ धरते. ज्या कुटुंबांतील तरुण मुंबईच्या गाडीत बसण्यावाचून दुसरा मार्ग पाहत नव्हते, त्यांना या बागांनी गावात उत्पन्न दिले. त्यामुळे कलमांविषयी तक्रार करण्यापूर्वी हे ऋण मान्य केले पाहिजे.

एकाच साच्याची बाग

तरीही एक गोष्ट बदलली. बियांच्या बागेत शंभर झाडे म्हणजे शंभर निराळे जीव. कलमांच्या बागेत शंभर झाडे म्हणजे जनुकांच्या दृष्टीने एकच झाड शंभर ठिकाणी उभे. त्याला एखादा रोग लागू पडला तर तो सर्वांनाच लागू पडतो.

याचे गांभीर्य कळण्यासाठी पूर्व आफ्रिकेकडे पाहावे लागेल. तेथेही काजू पोर्तुगिजांनीच आणला. टांझानियात १९७३-७४ मध्ये कच्च्या बियांचे उत्पादन सुमारे १ लाख ४५ हजार टन होते. १९८६-८७ पर्यंत ते सोळा-सतरा हजार टनांवर आले. याला कारणे अनेक होती. सरकारी धोरणामुळे लोकांना आपल्या बागांपासून दूर नव्या गावांत राहावे लागले, शेतकऱ्याला मिळणारा भावही घटला. पण मोहोर जाळणारा भुरी रोग हे त्यांतले मोठे कारण होते. तेथील काजूही बियांपासूनच वाढलेला होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. म्हणजे पाया अरुंद असला की केवळ बियांची लागवड पुरेसे संरक्षण देत नाही. परंतु बियांची झाडे असल्याचा एक लाभ झाला. रोगाने काळवंडलेल्या त्या बागांतही काही झाडे इतरांपेक्षा कमी बाधित दिसली. नालिएन्देले येथील संशोधकांनी अशी झाडे हेरून त्यांची कलमे केली आणि गंधकाच्या फवारणीबरोबरच या निवडीचाही तेथील काजूला सावरण्यात हात होता. सर्व झाडे एकाच साच्याची असती तर निवड करायची कशातून?

आपल्याकडे भुरीपेक्षा ढेकण्याचा, म्हणजे टी मॉस्किटो या किडीचा, उपद्रव मोठा आहे. ती कोवळ्या पालवीतील आणि मोहोरातील रस शोषते. मोहोर करपून जातो आणि बाग आगीने होरपळल्यासारखी दिसते. खोड व मूळ पोखरणारी अळी तर उभे झाड मारते. या किडींना पूर्णपणे दाद न देणारा वाण अजून कोणाच्याही हाती आलेला नाही. तो गुण असलाच तर तो कोठल्या तरी रायवळ झाडात किंवा ब्राझीलमधल्या एखाद्या रानटी नातेवाइकात असेल. आणि रायवळ झाडांची स्थिती अशी की बी लहान म्हणून ती तोडली जातात आणि त्यांच्या जागी कलमे लागतात. २०२० चे ‘निसर्ग’ आणि २०२१ चे ‘तौक्ते’ या वादळांनीही किनाऱ्यावरील अनेक झाडे उन्मळून पाडली. पडलेल्या झाडाबरोबर नेमके काय गेले, याची मोजदाद नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात होत नाही.

बोंडाचा विचार

संशोधन केंद्रांनी काजूची निवड केली ती मुख्यतः बीकडे पाहून: बीचे वजन, गराचे प्रमाण, झाडामागे उत्पन्न. बोंडाला या हिशेबात दुय्यम जागा मिळाली. बहुतेक ठिकाणी बोंडे झाडाखालीच कुजतात, म्हणून हे स्वाभाविकही होते. गोव्यात मात्र गणित वेगळे आहे. तेथे हंगामात डोंगरावरची बोंडे गोळा करून कोळंबीत तुडवतात, रस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा उर्राक आणि त्यापुढची फेणी यांवर अनेक कुटुंबांचे वर्ष अवलंबून असते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. मद्याविषयी आपले मत काहीही असो, ज्या पदार्थाची ओळख त्याच्या भूमीशी जोडली गेली आहे, त्याची चव घडवणारी बोंडे कोणत्या झाडांची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ती झाडे बहुधा जुनी, बियांची आणि विना नावाची आहेत. जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने गोव्यातील स्थानिक झाडांचे सर्वेक्षण करून बाळ्ळी येथील एका निवडीला ‘गोवा-१’ म्हणून १९९९ मध्ये पुढे आणले. हे काम मोलाचे आहे. मात्र केवळ रसाच्या गुणासाठी झाडे जपण्याचे काम अद्याप बरेच व्हायचे आहे, असे वाटते.

मूळ देशात, ब्राझीलमध्ये, बोंडाचा रस हे रोजचे पेय आहे. तेथील सेआरा राज्यात पकाजूस येथे ठेंगण्या काजूची निवड झाली आणि १९८३ मध्ये त्याचे पहिले वाण शेतकऱ्यांना मिळाले. ठेंगण्या झाडावरचे बोंड हाताने तोडता येते, आपटून फुटत नाही. म्हणून ते बाजारात ताजे विकता येते. एखाद्या समाजाला झाडाचा कोणता भाग प्रिय आहे, त्यावर त्या झाडाचे भावी रूप ठरते ते असे.

जिवंत कोठार

गहू-ज्वारीसारख्या पिकांचे वाण जपायचे तर त्यांचे बी वाळवून थंड कोठारात ठेवता येते. काजूचे तसे करता येत नाही. बीपासून उगवणारे झाड आईसारखे नसल्यामुळे बी ठेवून तो वाण राहत नाही. म्हणून काजूचे कोठार हे बागेच्याच रूपात असावे लागते. प्रत्येक नमुन्याची कलमे जमिनीत लावून ती वर्षानुवर्षे जगवावी लागतात. कर्नाटकातील पुत्तूर येथे १९८६ मध्ये काजूसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. आता ते काजू संशोधन संचालनालय आहे. तेथील बागेत देशाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेले पाचशेहून अधिक नमुने उभे आहेत. वेंगुर्ल्यातही असा संग्रह आहे. अशा बागेला जागा लागते, मजूर लागतात, आणि ढेकण्या तिलाही सोडत नाही.

या बागांत जे पोहोचले नाही ते अजून शेतांच्या बांधांवर, देवस्थानांच्या जमिनींवर आणि सड्यांवर आहे. ते शेतकऱ्यांच्याच हाती आहे. शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांची त्यांच्या नावे नोंद करता यावी अशी तरतूद २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात आहे. ज्या झाडाला घरात ‘मोठ्या बियांचा’ किंवा ‘आजोबांनी लावलेला’ एवढेच नाव आहे, ते तोडण्यापूर्वी त्याची एखादी फांदी जवळच्या केंद्राकडे पोहोचवता येते. कलमासाठी वीतभर काडी पुरते.

स्वाध्याय

१. काजूचे बोंड हे खरे फळ का नव्हे, ते तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

२. ‘जीडिमामिडि’ आणि ‘परंगिमाव’ या नावांतून काजूविषयी कोणती माहिती मिळते? तुमच्या परिसरातील भाषेत काजूला काय म्हणतात आणि त्या नावाचा अर्थ काय, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

३. ‘पत्ते तेवढेच होते, डाव मात्र दरवेळी नवा पडत होता’ या वाक्याचा अर्थ काजूच्या लागवडीच्या संदर्भात समजावून सांगा.

४. एका बागाईतदाराकडे जुनी रायवळ झाडे आहेत. त्यांच्या जागी कलमे लावावीत की नाही, याविषयी त्याला सल्ला देणारे पत्र लिहा. उत्पन्न आणि विविधता या दोन्ही बाजूंचा विचार करा.

५. तुमच्या भागात बियांपासून वाढवले जाणारे एखादे फळझाड निवडा (उदाहरणार्थ, आंबा, चिंच, जांभूळ, अक्रोड). त्याची पाच झाडे पाहून फळाचा रंग, आकार, चव आणि पिकण्याचा काळ यांतील फरक नोंदवा.